ग्रंथालयाची तासिका

डिसेंबर सरत आला की तालुक्याच्या कोणत्याही गावी झेरॉक्सच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं. सातवी-आठवीतली मुलं हातात चिठ्ठी घेऊन उभी असतात. चिठ्ठीवर प्रकल्पाचा विषय असतो, ‘पाणी प्रदूषण’, ‘दुष्काळ’, ‘आपली राष्ट्रीय उद्याने’ असा काहीतरी. दुकानदार तो विषय संगणकावर टाकतो, जे पहिलं दिसेल ते उघडतो आणि सहा-आठ पानं छापून देतो. रंगीत मुखपृष्ठाचे पैसे वेगळे. शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पवह्या टांगलेल्या असतात. त्यात नाव आणि हजेरी क्रमांक घातला की काम झालं. मूल घरी जातं, ती पानं सुवाच्य अक्षरात उतरवतं, चित्रं चिकटवतं, गुण मिळवतं. एवढ्या खटाटोपात प्रश्न मात्र कुणालाच पडलेला नसतो.

दोष मुलाला देता येत नाही. माहिती कुठे शोधायची, दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतील तर काय करायचं, वाचलेलं आपल्या शब्दांत कसं मांडायचं आणि हे कुठून घेतलं ते कसं सांगायचं, यातलं काहीच त्याला कुणी शिकवलेलं नाही. मराठीच्या शिक्षकांना वाटतं हे इतिहासाच्या शिक्षकांनी करावं; त्यांना वाटतं संगणकाच्या तासाला होत असेल. ज्या माणसाने याच गोष्टीचं शिक्षण घेतलेलं असतं, ज्याच्या अभ्यासक्रमात संदर्भसेवा हा स्वतंत्र विषय असतो, तो शाळेचा ग्रंथपाल. आणि त्या वेळी तो बहुधा रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या बदली तासावर असतो, नाहीतर शिष्यवृत्तीचे अर्ज भरत असतो.

गेल्या वर्षभरात मी अशा काही ग्रंथपालांना भेटलो, ज्यांनी आपापल्या शाळेपुरतं हे चित्र बदलायला घेतलं आहे. त्यांच्यातला कुणीही हे एकट्याने करू शकलेला नाही. शेजारच्या शाळेतला ग्रंथपाल, शाळेतलाच एखादा विषयशिक्षक, जवळचं सार्वजनिक वाचनालय, असं कुणीतरी सोबतीला आलं तेव्हाच काम पुढे सरकलं. या लेखाचा विषय ती सोबत हाच आहे.

आधी या माणसाची शाळेतली जागा कोणती ते पाहू. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेला ग्रंथपाल मिळतो तो पटावर. चिपळूणकर समितीच्या निकषांनुसार हजाराच्या वर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ, पाचशे ते हजार असतील तर अर्धवेळ. पाचशेच्या खाली काहीच नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला तर ग्रंथपाल हे पदच माहीत नाही. तिथे कपाटाची किल्ली एखाद्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून असते. ज्या शाळांना ग्रंथपाल आहे, तिथेही तो ‘शिक्षकेतर’ वर्गात मोडतो, म्हणजे लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांच्या रांगेत. या एका शब्दाचे परिणाम फार दूरवर जातात. विषयशिक्षकांच्या बैठकीला त्याला बोलावणं नसतं. प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नाव नसतं. वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका असलीच तर ती कुणीही मागून घ्यावी अशी असते. गणिताचा भाग मागे पडला की पहिली ओढली जाते ती हीच.

हे दुखणं जुनं आहे. १९५२-५३च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, शाळाशाळांतली ग्रंथालयं पाहून जे लिहिलं ते आजही वाचवत नाही. पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता घेतलेली, मोजक्या कपाटांत आणि अपुऱ्या खोल्यांत ठेवलेली. सांभाळणारा एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक, ज्याला ना पुस्तकांची ओढ ना ग्रंथालयाच्या कामाची माहिती. प्रशिक्षित ग्रंथपाल हवा, त्याला शिक्षकाच्या बरोबरीचं स्थान हवं, असंही आयोगाने बजावलं होतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे, वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं त्यात असली पाहिजेत, असं परिशिष्टात नमूद केलं. ती पुस्तकं मुलाच्या हाती देणाऱ्या माणसाबद्दल मात्र त्या परिशिष्टात एक शब्द नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या प्रकारानुसार साधारण पाच ते वीस हजार रुपयांचं वार्षिक ग्रंथालय अनुदान येतं. त्यातून पुस्तकं येतात, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतात, तपासणीच्या वेळी ते मोजलेही जातात. त्यातलं एखादं पुस्तक किती मुलांच्या हातून गेलं, हे विचारणारा तपासणी अधिकारी भेटल्याचं मला एकाही ग्रंथपालाने सांगितलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशी काही मंडळी महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की एकत्र बसतात. सुरुवात झाली ती अगदी व्यवहारातून. एका शाळेत विज्ञानाची पुस्तकं ढीगभर होती आणि कथा नव्हत्या, दुसरीकडे उलटं. दोघांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने एका सत्रापुरती पन्नासेक पुस्तकं अदलाबदल केली. पुढे तिसरी शाळा आली, मग शाळाशाळांतून फिरणारी पुस्तकांची पेटी आली. मी गेलो त्या दिवशी टेबलावर पुस्तकं नव्हती, आठवीच्या मुलांचे प्रकल्प होते. चार शाळांतून आणलेले, विषय एकच, दुष्काळ. यजमान शाळेच्या ग्रंथपाल मॅडमनी त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचला. समोरच्या सरांनी आपल्या गठ्ठ्यातून तोच परिच्छेद, त्याच स्वल्पविरामांसह, पुढे वाचला. मग तिसऱ्याने. चार शाळांतल्या मुलांनी एकच मजकूर उतरवला होता, आणि त्यात एक वर्ष चुकलं होतं. ती चूकही सगळीकडे जशीच्या तशी होती.

“मुलांना रागवून उपयोग नाही,” मॅडम म्हणाल्या. “विषयच असा दिलाय की उतरवूनच काढावा लागेल. ‘दुष्काळ’ म्हटल्यावर पोरगं काय करणार?”

त्या दुपारी तीन तास चर्चा झाली ती प्रश्न कसा विचारावा यावर. ‘दुष्काळ’ हा विषय झाला, तो प्रश्न नव्हे. शेवटी ठरलं ते असं: ‘बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावात कोणती कामं निघाली आणि त्यावर कोण गेलं?’ याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. ते शोधायला मुलाला उठावंच लागतं.

पुढचे दीड महिने मी या प्रश्नाचा पाठपुरावा एका शाळेत पाहिला, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आठवीच्या एका तुकडीचे गट पाडले. इतिहासाच्या सरांनी आपल्या तासिकांतल्या काही या कामाला दिल्या आणि त्या तासिका ग्रंथालयात झाल्या. प्रत्येक गटाला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला. एका चिठ्ठीवर एकच माहिती लिहायची, खाली ती कुठे मिळाली ते. पुस्तक असेल तर नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, पान. माणूस असेल तर त्याचं त्या वेळचं वय. हे ‘त्या वेळचं वय’ मॅडमच्या डोक्यातून निघालं होतं, आणि सगळ्या चिठ्ठ्यांत तेच सगळ्यात मोलाचं ठरलं.

पहिल्या आठवड्यात मुलं आजी-आजोबांकडे गेली. घरोघरी तेच शब्द निघाले. खडी फोडायला जायचो. पाझर तलावाचं काम होतं. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिच्या भाकरी गळ्याखाली उतरायच्या नाहीत. कामावर सुकडी वाटायचे. एका मुलीच्या आजीने सांगितलं की दुष्काळ एका वर्षाचा नव्हताच, आधीची दोन वर्षंही पाऊस असाच गेला होता. मुलीने ते लिहून आणलं आणि विचारलं, की मग सगळे ‘बहात्तरचा’ का म्हणतात? आजीचं चुकलं असेल का? मॅडमनी उत्तर दिलं नाही. मराठी विश्वकोशातली दुष्काळावरची नोंद काढायला लावली, राज्याच्या इतिहासाची ग्रंथालयातली पुस्तकं काढायला लावली. १९७०पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२-७३मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेली, हे गटाला सापडलं. आजी बरोबर होती. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या नावापेक्षा आपल्या घरातलं माणूस अधिक नेमकं बोललं, हे कळल्यावर त्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे.

दुसऱ्या एका गटाने साताऱ्याचं जिल्हा गॅझेटियर मागितलं. जाड ग्रंथ, सरकारी, म्हणजे यात नक्की असणार. बराच वेळ शोधलं, बहात्तरच्या दुष्काळाचा उल्लेख कुठेच नाही. मुलं वैतागली. मग त्यांच्यातल्या एकाने मागचीपुढची पानं चाळून प्रकाशनाचं वर्ष काढलं, १९६३. नऊ वर्षं आधी छापलेल्या पुस्तकात नंतरचा दुष्काळ कसा असेल! पुस्तकाचं वर्ष पाहायचं असतं, हे व्याख्यान देऊन शिकवलं असतं तर त्या मुलांच्या ते किती दिवस लक्षात राहिलं असतं, मला शंका आहे. गॅझेटियर इंग्रजीत होतं, म्हणून जुन्या दुष्काळांविषयीची पानं वाचायला इंग्रजीच्या बाईंना ग्रंथालयात बोलावलं. त्या आल्या, आणि नंतर स्वतःहून येत राहिल्या. तिसऱ्या शाळेतल्या सरांनी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची आठवण करून दिली. ते १९७१मध्ये सुरू झालं, जुने अंक संगणकावर विनामूल्य पाहता येतात. दुष्काळाच्या वर्षांत आपल्याच वयाच्या मुलांसमोर काय वाचायला होतं, हे पाहायला एक गट त्यात शिरला. एका शाळेतल्या एका ग्रंथपालाला हे सगळे रस्ते सुचले नसते. ते चौघांना मिळून सुचले.

शेवटी मुलांनी जे लिहिलं ते फार देखणं नव्हतं. पण १९७३च्या मे महिन्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, हा पुस्तकातला आकडा आणि आपल्या गावच्या तलावावर आजोबा होते ही गोष्ट, दोन्ही एका पानावर आलं होतं. त्या कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला, तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला, हेही एका गटाने पुढे जाऊन शोधलं. सांगितलेलं नसताना शोधलं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलं ढेपाळली. चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या होत्या, त्यांचं काय करायचं सुचत नव्हतं, एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी समोर होत्या. दोन गटांनी विषय बदलून मागितला. इतिहासाचे सर म्हणाले, जड गेलं असेल त्यांना, सोपं काहीतरी देऊ. ग्रंथपाल मॅडमनी थांबवलं. त्यांना एक जुना अभ्यास आठवला होता. अमेरिकेतल्या कॅरल कुलथाउ या मूळच्या न्यू जर्सीतल्या शालेय ग्रंथपाल, पुढे रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्यांनी १९८०च्या दशकात माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या शोधकामाचा बारकाईने अभ्यास केला. मुलांना रोजनिशी लिहायला सांगितलं, त्यांच्याशी बोलल्या. त्यांना दिसलं की विषय निवडल्यावर मुलाला हायसं वाटतं, पण माहिती गोळा होऊ लागली की आत्मविश्वास वाढण्याऐवजी घसरतो. गोंधळ, शंका, आपल्याला हे जमणार नाही अशी भावना. मग हळूहळू स्वतःचा मुद्दा सापडतो आणि धीर परत येतो. ही घसरण म्हणजे मूल कच्चं असल्याची खूण नसून शोधाचाच एक टप्पा आहे, आणि मोठ्या माणसाची गरज सगळ्यात जास्त असते ती इथेच, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे नेमक्या याच टप्प्यावर मूल झेरॉक्सच्या दुकानात जातं.

मॅडमना कुलथाउ यांचं नाव पदव्युत्तर अभ्यासक्रमातून माहीत होतं. पण शाळेत त्याचा उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. शनिवारच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या शाळेतला तोच तिसरा आठवडा आठवला. आता प्रत्येक प्रकल्पात तिसऱ्या आठवड्यात एक जादा तासिका ठेवतात. त्या तासिकेत नवी माहिती शोधायची नाही. नुसत्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि काय कशाला लागून आहे ते बघत बसायचं.

शोधाची गोष्ट झाली, पण तिच्या आधीची पायरी मोडकी असेल तर? आठवी-नववीत अशी मुलं आहेत ज्यांना एक परिच्छेद सलग वाचता येत नाही. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आलेत की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. उरलेली निम्मी मुलंही वरच्या वर्गात जातात, माध्यमिक शाळेत पोहोचतात, आणि तिथे कुणी त्यांना वाचायला शिकवत नाही. ते काम झालं असं धरलेलं असतं. चिठ्ठ्यांच्या खेळात ही मुलं मागच्या मागे गळतात, किंवा गटातल्या हुशार मुलाच्या हाताखाली चित्रं रंगवत बसतात.

इथेही ग्रंथपालांनी मिळून काढलेला मार्ग मला पटला. चौदा वर्षांच्या मुलाला ‘हे लहान मुलांचं पुस्तक वाच’ म्हटलं की तो पुन्हा ग्रंथालयात पाय ठेवत नाही. म्हणून त्याला वेगळं काम दिलं. पेटीतली चित्रपुस्तकं घेऊन शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायची. त्यासाठी आधी चार वेळा सराव करायचा, ग्रंथालयात, दार लावून, मॅडमसमोर. पुस्तक सोपं आहे हे सांगावं लागत नाही. ते धाकट्यांसाठी आहे म्हणून सोपं आहे. अडखळत वाचणारा मुलगा एका महिन्यात दोन पुस्तकं आवाज चढवत-उतरवत वाचू लागतो. धाकट्यांनी त्याला ‘दादा, परत वाच’ म्हटलं, की पुढचं पुस्तक तो स्वतः मागायला येतो. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या पेटीत सगळ्यात जास्त फाटलेली आहेत, म्हणजे सगळ्यात जास्त वाचलेली आहेत. त्यांच्या प्रती पुन्हा घ्यायच्या तर अनुदानाच्या यादीत एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती बसत नाहीत, हीसुद्धा तिथली एक कायमची अडचण.

मोठ्याने वाचून दाखवणं, पुस्तकाची ओळख करून देणं, मुलांना स्वतः निवडू देणं, ही कामं शिकावी लागतात. गोव्यात २००५मध्ये सुजाता नोरोन्हा आणि एलेन मेंडोन्सा यांनी सुरू केलेल्या ‘बुकवर्म’ने हे शास्त्र गांभीर्याने उभं केलं. त्यांचे कार्यकर्ते सरकारी शाळांमध्ये नियमित ग्रंथालयाचे तास घेतात, वस्त्यांमध्ये पुस्तकं घेऊन जातात. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने ग्रंथपाल, शिक्षक आणि संस्थांमधल्या कार्यकर्त्यांसाठी एक अभ्यासक्रम चालवला आहे. त्यात काही दिवस एकत्र शिकायचं आणि उरलेला काळ आपापल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करून त्याची नोंद ठेवायची. पुस्तकांच्या वर्गीकरणापेक्षा मूल आणि पुस्तक यांच्या भेटीवर भर देणारं असं शिक्षण आपल्या विद्यापीठांतल्या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्यांत फारसं नाही. ‘पराग’ २०२०पासून निवडक बालपुस्तकांची यादीही काढतं, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांची. मराठीत अशी दरवर्षीची, सगळ्यांनी विश्वासाने वापरावी अशी यादी शाळांच्या हाती असायला हवी. तालुक्यातल्या दहा ग्रंथपालांनी वर्षभर मुलांच्या मागण्या लिहून ठेवल्या तरी तिचा कच्चा आराखडा तयार होईल.

मराठी वाचकाला या सगळ्यात नवल वाटू नये, कारण असं जाळं विणण्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने करून दाखवला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. तो तीन वर्षं राहिला. मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, मुलांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष झाला, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेड्यापाड्यांत जाऊ लागली. पण मला त्याची खरी दूरदृष्टी दिसते ती दुसऱ्या दोन गोष्टींत. त्याने ग्रंथपाल घडवणारा वर्ग काढला, देशातला पहिला. आणि १९१२मध्ये बडोद्यातून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. गावोगावच्या ग्रंथपालांनी एकमेकांचं वाचावं, एकमेकांना सांगावं, यासाठी. पेटी पाठवून भागत नाही, ती उघडणाऱ्या माणसांचा आपसात संवाद हवा, हे तिथे ओळखलं होतं. या कामाची हकिगत जनार्दन कुडाळकरांनी १९१९मध्ये ग्रंथरूपाने लिहून ठेवली.

आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर पोर्तुगालकडे पाहावं. वाचनाच्या बाबतीत युरोपात मागे गणल्या गेलेल्या त्या देशाने १९९६मध्ये शालेय ग्रंथालयांचं राष्ट्रीय जाळं सुरू केलं. एकेक शाळा त्यात जोडत आज दोन हजारांहून जास्त ग्रंथालयं त्यात आहेत. २००९मध्ये ‘शिक्षक-ग्रंथपाल’ असं पद रीतसर निर्माण झालं. आणि या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनेक शाळांच्या ग्रंथालयांना मिळून एक समन्वयक असतो. तो शाळाशाळांतून फिरतो, एकीकडचं काम दुसरीकडे नेतो, गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी गाठ घालून देतो. आपल्याकडे १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांची तालुकावार यंत्रणा आहे आणि शाळांसाठी केंद्रप्रमुखही आहेत. दोन्ही यंत्रणा एकाच गावात, कित्येकदा एकाच रस्त्यावर असतात. त्यांची भेट घडवणारी तरतूद तेवढी नाही.

आता पडद्यावरच्या वाचनाविषयी. २०२४च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना विचारलं, तेव्हा आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचं ५७ टक्क्यांच्या आसपास मुलांनी सांगितलं आणि समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या मुलांच्या वाचनाचा मोठा भाग कपाटात नाहीच. तो तपासायला कोण शिकवणार?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक साधा प्रयोग केला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यशोधक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांच्यासमोर काही संकेतस्थळं ठेवली आणि विश्वासार्हता ठरवायला सांगितलं. विद्यार्थी आणि इतिहासकार, दोघंही त्याच पानावर वर-खाली करत राहिले. रचना नीटस आहे का, संस्थेचं नाव भारदस्त आहे का, असं पाहत फसले. तथ्यशोधक काही क्षणांतच ते पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. त्यांना कमी वेळ लागला आणि उत्तर अचूक आलं. म्हणजे बारकाईने वाचण्याआधी हे वाचण्याच्या लायकीचं आहे का, हे बाहेरून तपासायचं.

साताऱ्याच्या त्या तालुक्यातल्या ग्रंथपालांनी हे शिकवायला घेतलेला मजकूर प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेला आहे: युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं. नववीच्या वर्गात बहुतेक हात वर झाले, सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांना खरं वाटत होतं. ‘कुणी सांगितलं?’ असं विचारल्यावर काका, मामा, शाळेतले एक सर. मग मुलांना तो निरोप तसाच ठेवून बाहेर शोधायला लावलं. युनेस्कोने असं कधीच जाहीर केलेलं नाही, ही अफवा २००८पासून फिरते आहे, हे त्यांनी स्वतः काढलं. एक मुलगा मात्र हिरमुसला. त्याला वाटलं, आपण राष्ट्रगीताच्या विरोधात काही सिद्ध केलं. तास घेणाऱ्या सरांनी तो तिथेच थांबवून त्याच्याशी बोलणं पसंत केलं, गीताचा मान युनेस्कोच्या प्रमाणपत्रावर टेकलेला नाही, म्हणून. माहिती तपासायला शिकवणाऱ्या माणसाला मुलाच्या भावनेचीही काळजी घ्यावी लागते, आणि हे काम समोर बसलेल्या माणसालाच जमतं.

यंदा एक नवीच गोष्ट सुरू झाली आहे. मुलं पुस्तकांची यादी घेऊन येतात, लेखकाच्या नावासकट, आणि ती पुस्तकं कुठेही नसतात. फोनवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने ती रचून दिलेली असतात. एका ग्रंथपालांनी अशी यादी बैठकीत सगळ्यांना दाखवली. आता बैठकीत असलेल्या सहा शाळांच्या नोंदवह्या आणि गावच्या वाचनालयाची सूची धुंडाळूनही त्यातली दोन पुस्तकं सापडली नाहीत, लेखक मात्र खरे होते. आता ते मुलांना सांगतात, यंत्राने सांगितलेलं नाव आधी सूचीत शोधा, तिथे नसेल तर आम्हाला विचारा, आम्ही दुसऱ्या शाळेला विचारतो. यासाठी सहा शाळांची एकत्र सूची हवी. ती सध्या सामायिक तक्त्यात भरणं चालू आहे, रात्री घरी बसून, स्वतःच्या इंटरनेटच्या खर्चाने.

ग्रंथालयातल्या या सगळ्या कामाने गुण वाढतात का, असं मुख्याध्यापक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. कीथ करी लान्स यांनी १९९३मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात केलेल्या अभ्यासात, गरिबी-श्रीमंतीचा फरक हिशेबात धरूनही, चांगलं ग्रंथालय आणि ग्रंथपाल असलेल्या शाळांतल्या मुलांचे वाचनाचे गुण वरचढ दिसले. २०००च्या पुढच्या अभ्यासात ग्रंथपाल आणि शिक्षक मिळून पाठ आखतात तिथे हा फरक अधिक दिसला. नंतर अनेक राज्यांत असे अभ्यास झाले. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, आणि आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. तरी मी मुख्याध्यापकांना एवढं म्हणेन: आठवीच्या प्रकल्पांचा तुमच्याकडचा गठ्ठा आणि शेजारच्या शाळेतला गठ्ठा एकत्र ठेवून वाचून बघा.

या ग्रंथपालांच्या मागण्या ऐकल्या तर त्या विलक्षण लहान आहेत. महिन्यातून एक दिवस बैठकीसाठी कर्तव्यरजा. ग्रंथालयाची तासिका बदली तासासाठी न घेण्याचं लेखी बंधन. अनुदानातून एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती घेण्याची मुभा. तालुक्याला एक पेटी आणि ती फिरवण्याचा प्रवासखर्च. पूर्णवेळ पदाची मागणी आहेच, ती अनेक वर्षं अर्धवेळ राबलेल्या माणसांची आहे आणि न्याय्य आहे. पण ती मान्य होईपर्यंत हे काम थांबवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्धवेळ काम करणाऱ्या एका सरांना मी विचारलं, तुमची वेळ संपल्यावरही तुम्ही इथे का थांबता? ते म्हणाले, “पोरं साडेचारला सुटतात. माझी वेळ दीडला संपते. मग पोरांनी पुस्तक कधी न्यायचं?”

येत्या सत्रासाठी प्रश्न ठरला आहे. गावातली बारव किंवा जुनी विहीर कुणी बांधली, कधी, आणि आता तिचं पाणी कोण वापरतं. भूगोलाच्या दोन शिक्षकांनी तासिका द्यायचं कबूल केलं आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या फायली मुलांना तिथेच बसून पाहू देण्याची तयारी दाखवली आहे. पेटी पहिल्या आठवड्यात कोणत्या शाळेतून निघेल, एवढं ठरायचं बाकी आहे. तिसऱ्या आठवड्याची जादा तासिका मात्र सगळ्यांच्या वेळापत्रकात आधीच लिहून झाली आहे.